झझझ नावाचा रकाना

३ मार्च, सोमवार

चालला! एकदाचा चालला!

दोन महिने खपून लिहिलेला प्रोग्राम आज बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, जुन्या डेटाबेसवर सोडला. चार मिनिटं नुसती घरघर. मी नखं खात बसलेली. आणि मग पडद्यावर एकेक ओळ उमटायला लागली. चौदा टेबलं — चौदा पत्ते. त्यातला एकही पत्ता, म्हणजे एंडपॉइंट, मी हातानं लिहिलेला नाही! प्रोग्रामच टेबल उघडतो, रकाने वाचतो आणि त्या टेबलाचा पत्ता तयार करतो. त्या पत्त्यावर कुठूनही विचारावं — अमुक नंबरच्या माणसाच्या पायाचं माप काय — की उत्तर हजर.

सासूबाई चहा घेऊन वर आल्या. "झालं का गं तुझं ते?" म्हटलं, झालं. "म्हणजे काय झालं?" आता आली का पंचाईत! म्हटलं, आई, असं समजा, बाबांनी एकतीस वर्षं लोकांना कृत्रिम पाय बनवून दिले. सगळ्यांची मापं आपल्या एका कपाटात. कुणाला माप हवं असलं की फोन यायचा, तुम्ही उठायचात, कपाट उघडायचात, चष्मा शोधायचात—

"चष्मा डोक्यावर असायचा."

तेच. आता कपाटाला खिडक्या पाडल्यात. ज्याला हवं त्यानं खिडकीशी यावं, नंबर सांगावा, माप घेऊन जावं. तुम्ही खुशाल पडून राहा.

"मग मी दिवसभर करू काय?" म्हणाल्या. पण खूश होत्या. बशीत दोन बिस्किटं जास्तीची निघाली.

४ मार्च

आज घाम फुटला. प्रोग्रामनं प्रत्येक टेबलाला पाच-पाच खिडक्या पाडल्यात. यादी बघायची, एक नोंद बघायची, नवीन घालायची, दुरुस्त करायची आणि — पुसायची! कुणीही यावं आणि एकतीस वर्षं पुसून जावं! मी मागितलीच नव्हती ही. म्हणजे मागितली होती. जानेवारीत मीच लिहून ठेवलंय, 'सगळं करता आलं पाहिजे.' घ्या! चहा गार व्हायच्या आत चौदाच्या चौदा बंद केल्या.

नवरा जेवताना: "आज किती खिडक्या उघड्या?" घरात शब्द रुजला म्हणायचा.

६ मार्च, गुरुवार

मोठ्या दवाखान्याचे इंजिनिअर आले होते. त्यांनी साचे कोरायचं मशीन घेतलंय. पायाचं माप मशीनला द्यायचं, मशीन साचा कोरणार, तो चार गावांतल्या चार केंद्रांना जाणार आणि तिथले कारागीर त्यावरून पाय बसवणार. बाबांच्या एका कारखान्यावरचा भार हलका. बाबा बहात्तरचे. हाताशी धाकटे मिस्त्री, तेही पन्नाशीचे. त्यामुळे कल्पनेत खोट काहीच नाही.

पण ३१ मार्चची मुदत. तोवर आमची मापं खिडकीतून व्यवस्थित मिळाली नाहीत, तर ते आमचा नाद सोडणार आणि तेवीसशे माणसांना पुन्हा मापाला बोलावणार. मी म्हटलं, अहो, यातली निम्मी दोन-दोन बस बदलून येतात. काही जण कुणाच्या तरी पाठीवर बसून येतात. ते म्हणाले, "माप मिलिमीटरपर्यंत अचूक लागेल." मी म्हटलं, मिळेल. ते म्हणाले, "मिलिमीटरपर्यंत." जाताना जिन्यात पुन्हा एकदा म्हणाले.

बाबांनी तिथल्या तिथे नाव ठेवलं — मिलिमीटर.

७ मार्च

डेटाबेस धाकट्या दिरानं कॉलेजात असताना केलेला. एकोणीस वर्षांपूर्वी. रकान्यांची नावं अशी: माप१. माप२. माप२_नवं. माप२_खरं. माप२_खरं_शेवटचं. आणि एक रकाना नुसता — झझझ.

भाऊजींना फोन लावला. "वहिनी, तो झझझ म्हणजे मला झोप आली होती. सगळं संपवलं आणि बाबा म्हणाले अजून एक जागा ठेव. मी म्हटलं नाव काय देऊ? म्हणाले काहीही दे."

त्यात आहे काय, विचारलं. "काय माहीत! बाबा सांगायचे, आई टाइप करायची."

चार-सहा ओळी उघडून बघितल्या. 'मान वर करून चालते.' 'घाईत. टाच आधी झिजते.' 'शिडी.' नुसतंच 'शिडी'! बाबांना विचारलं, हे काय? ते पायाला पॉलिश करत होते. "असंच. आठवणीसाठी." मशीनला 'मान वर' देऊन काय करू? रकाना झाकून टाकला. नावं, पत्ते, फोन तर आधीच झाकलेत. लोकांची खाजगी बाब आहे. प्रत्येक केंद्राला एक-एक किल्ली. किल्लीशिवाय खिडकी उघडत नाही.

तेवीसशेपैकी चारशे बारा जणांचा जन्म १ जानेवारीचा. आई म्हणतात, "विचारलं तर हसायचे. मग मीच घालायची."

११ मार्च

पहिलं माप आज खिडकीतून मशीनकडे गेलं! लॉगमध्ये, म्हणजे कुणी कधी काय मागितलं त्याच्या यादीत, ओळ दिसली — दवाखाना, वेळ, नोंद नंबर ८८. एक न्हावी. बाबांनी त्याला आजवर चार पाय दिलेत. हा पाचवा मशीनचा. मी ती ओळ नवऱ्याला दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "छान आहे. यात बघायचं काय असतं?" गणिताचा मास्तर! सातव्या घातांकाला टाळ्या वाजवतो, आणि इथे हे.

१४ मार्च, शुक्रवार

वाईट दिवस.

न्हाव्याला पाय बसेना. मापानं बरोबर, मिलिमीटरपर्यंत बरोबर, पण दोन तास उभा राहिला आणि गुडघ्याखाली साल निघाली. मिलिमीटरचा फोन. "तुमचा डेटा सदोष आहे. अशानं आम्हाला पुन्हा मापं घ्यावी लागतील."

बाबा शेजारीच उभे. त्यांनी ऐकलं. रंधा उचलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला. एकतीस वर्षांत त्यांच्या मापाला कुणी चुकीचं म्हटलं नव्हतं, आणि आज ऐकावं लागलं ते माझ्या खिडकीमुळे.

मी वर येऊन सगळं तीनदा तपासलं. प्रोग्राम देतो ते आणि टेबलात आहे ते — शंभर टक्के तेच. मग चूक आहे कुठे?

१५ मार्च

आज संगणकाला हात लावला नाही. दिवसभर खाली कारखान्यात स्टूल टाकून बसले. धाकट्या मिस्त्रींनी एकदा बघितलं, प्लॅस्टरची बादली माझ्यापासून लांब सरकवली, आणि कामाला लागले. बोलायचं तर लांबच. इतक्या वर्षांत त्यांची वीस वाक्यं ऐकली असतील.

बाबांकडे एक बाई आलेली, पाय बदलायला. बाबांनी तिचा कागद मागवला. आईंनी छापून आणला. आणि बाबांनी बोट ठेवलं ते मापावर नाही! पहिल्यांदा शेवटच्या रकान्यावर. झझझवर! "मूल अजून कडेवर घेतेस का?" बाई हसली. "काका, तो आता सायकल चालवतो." "मग भार सारखा झाला." आणि बाबांनी साच्यावरून रंधा फिरवला. अंदाजे नाही — दोन सूत, म्हणजे पाव इंच, उजवीकडून. मी मोजलं.

म्हणजे माप हे नुसतं माप आहे. माणूस कुठे उभा राहतो, कसा वाकतो, हे त्या रकान्यात आहे, आणि बाबा दोन्ही मिळून पाय बनवतात.

धावत वर गेले. नोंद ८८. 'न्हावी. दिवसभर उभा, उजवीकडे वाकून. वाटी मागून दोन सूत सैल.' वाटी म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती पोकळ जागा. दोन सूत! स्पष्ट लिहिलंय! आणि मी शहाणी — झाकून बसले.

बाबांना म्हटलं, तुम्ही मला सांगितलं का नाही? तर म्हणतात, "तू विचारलंस कुठे? तू म्हणालीस, हे काय? मी म्हटलं, आठवणीसाठी. खोटं बोललो का?"

१७ मार्च, सोमवार

झझझ उघडला. एका ओळीचा बदल — झाकलेल्या रकान्यांच्या यादीतून एक नाव काढायचं, की सगळ्या खिडक्यांत आपोआप दिसायला लागतो. चारही केंद्रांना कळवलं: माप घ्याल तेव्हा हा रकाना आधी वाचा.

मिलिमीटरला समजावणं जड गेलं. "सैल म्हणजे किती?" म्हटलं, दोन सूत. "सूत हे एकक नाही." म्हटलं, सहा पूर्णांक पस्तीस शतांश मिलिमीटर. मग: "असं सांगा ना."

१९ मार्च

न्हावी उभा राहिला! सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, अकरा गिऱ्हाईकं. केंद्रानं कळवलं. बाबा ऐकून म्हणाले, "हं." मग अर्ध्या तासानं स्वतःहून: "अकरा म्हणालीस?"

आज मला माझं काम फार आवडलं. कंपनीनं आमचा अख्खा विभाग बंद केला तेव्हा वाटलं होतं, संपलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी सासऱ्यांच्या माळ्यावर बसून काय करणार? आणि बघा.

२० मार्च, गुरुवार

काय करून बसले मी.

दुपारी बाबा वर आले. जिने चढून ते कधी येत नाहीत. "त्या रकान्यात मी जे जे सांगितलंय, ते सगळं आता चारी गावांत दिसतं?" म्हटलं, हो. केंद्रांना फक्त. "सगळं?"

मी मान हलवली. "१४०६ काढ," बाबा म्हणाले.

काढली. एका नवरीची नोंद. तिशीच्या आतली. शेवटी तीन वाक्यं: 'झोपतानाही पाय काढत नाही. सासरी माहीत नाही. आतून मऊ अस्तर.'

मला तोंड वर करवेना.

"ते तिनं मला सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "दार लावून. आईला टाइप करायला सांगितलं तेही मी तिला विचारून. अगं, आमचा धंदाच असा आहे. माणूस इथे आला की पाय काढतो, आणि पायाबरोबर बरंच काही काढतो. ते चव्हाट्यावर मांडायचं नसतं."

रागावले असते तर बरं झालं असतं. जिना उतरताना कठड्याला धरून सावकाश उतरले.

रकाना लगेच बंद केला. तीन दिवस उघडा होता. मग लॉग उघडला — कुणी काय वाचलं ते बघायला. तीन केंद्रांनी हव्या तेवढ्याच नोंदी मागितल्यात. चौथ्यानं, सगळ्यात लांबच्यानं — नोंद १ पासून ओळीनं! २, ३, ४… फक्त तोच रकाना. तीन दिवसांत चौदाशे सहा नोंदी.

कुणीतरी सगळं उपसत होतं. चौथ्या केंद्राची किल्ली तिथल्या तिथे बंद केली.

२१ मार्च

सकाळी दहाला फोन. बाईचा आवाज, तरुण.

"ताई, आमची खिडकी बंद झालीय."

मी म्हटलं, मीच केली. तुम्ही कोण? "मी इथली कारागीर. एकटीच आहे." ओळीनं सगळ्या नोंदी कशासाठी वाचत होतात? — माझा आवाज जरा चढलाच.

मग म्हणाली, "शिकत होते."

काय शिकत होतात?

"सहा वर्षं पाय बसवतेय मी. माप कसं घ्यायचं ते शिकवलं सगळ्यांनी. माणसाकडे बघायचं कसं, ते कुणी नाही शिकवलं. हे वाचलं तेव्हा कळलं, असं पण बघतात. वहीत उतरवून घेत होते. नंबर नाही लिहिलेत, नुसतं काय बघितलं आणि काय कापलं तेवढंच. चुकलं का?"

मी १४०६ विचारली. "वाचली," म्हणाली. "आणि तिथेच थांबले. वाटलं, हे माझ्यासाठी नाही. म्हटलं, उद्या फोन करून तुम्हाला सांगावं, पण तोवर तुम्हीच बंद केलंत."

फोन ठेवून लॉग पुन्हा बघितला. एरवी नोंदींत अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचं अंतर. माणूस वाचत असल्यासारखं. १४०६ ला दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. त्यानंतर काही नाही. मी किल्ली बंद केली ती पावणेचारला. साडेतीन तास खिडकी उघडी होती आणि ती आली नव्हती!

काल रागाच्या भरात मी ही वेळ बघितलीच नव्हती.

२२ मार्च, शनिवार

१४०६ ला फोन केला. बाबा म्हणाले मी करतो. मी म्हटलं नाही, चूक माझी, मीच करणार. पाठ करून ठेवलेलं सगळं विसरले. सांगितलं कसंबसं — तुमची एक खाजगी गोष्ट आमच्या चुकीनं तीन दिवस बाहेरच्यांना दिसत होती, एकीनं वाचली, मला माफ करा.

"कुठली गोष्ट?"

सांगितली. आणि ती हसायला लागली! म्हटलं रडतेय की काय. "अहो ताई, त्याला झाली नऊ वर्षं. सासूबाईंना चौथ्या दिवशीच कळलं होतं. महिनाभर त्याच बोलल्या नाहीत, मला वाईट वाटेल म्हणून. आता सकाळी पाय शोधून हातात त्याच देतात. पण—" इथे थांबली. "फोन केलात ते बरं केलंत. नसता केला आणि कुठून कळलं असतं, तर काकांकडे पुन्हा आले नसते."

हे शेवटचं वाक्य बाबांना सांगितलं. हसण्याचं नंतर सांगितलं.

२४ मार्च

ठरलं. बाबा आणि मी, दोघं बसून तेवीसशे नोंदी वाचायच्या. कामाचं वेगळं, विश्वासाचं वेगळं. एकाचे दोन रकाने. पहिला 'शेरा', केंद्रांना दिसेल. दुसरा कुठल्याच खिडकीत नाही. त्याला नाव काय द्यावं? मी म्हटलं, कानात सांगितलेलं ते — 'कानातलं'.

आई दारातूनच: "कानातलं ना? मग कपाटातच राहू दे. कानातलं कुणी खिडकीत ठेवतं का!"

बाबा इतके हसले की खोकला लागला.

प्रोग्राममध्ये एक नियम घातला: नवा रकाना दिसला की तो झाकलेलाच राहील. उघडायचा तर माणसानं नाव घेऊन उघडायचा. जानेवारीतच घालायला हवा होता.

२६ मार्च

नऊशे झाल्या.

बाबांना सगळे आठवतात. नंबर वाचला की माणूस उभा. 'शिडी' म्हणजे रंगारी होता. शिडीवर पुढच्या पंजावर भार, म्हणून पंजा कडक. 'मान वर' ही गाणं शिकवायची. "ती चालायला लागली ना, की वाटायचं कुणी तरी हिला वरून हाक मारतंय." मी लिहिलं: नजर वर, पायाखाली बघत नाही, टाचेचा पुढचा काठ गोल. बाबांनी वाचलं. "बरोबर. पण माझं वाक्यही राहू दे." दोन्ही ठेवली.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. एवढं सलग मी त्यांच्याशी कधी बोललेच नव्हते. पाणी देऊ का, जेवायला वाढू का — संपलं. आज त्यांनी सांगितलं, पहिला पाय त्यांनी दारासमोरच्या पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या माणसासाठी केला आणि तो तीन दिवसांत मोडला. "तो परत आला. शिव्या द्यायला नाही, सांगायला — कुठे मोडला ते बघ. त्याच्याकडून शिकलो."

२७ मार्च

चौथ्या केंद्राची किल्ली चालू केली. बाबांनीच सांगितलं. "आणि तिला म्हणावं, वाचून कळणार नाही ते विचार."

२८ मार्च, शुक्रवार

तिनं विचारलं! चार वाजता फोन. तासभर! बाबा कानाला फोन लावून हवेत हात फिरवतात — असं काप, असं नाही, असं. तिला काय दिसणार! धाकटे मिस्त्री हातातलं काम थांबवून ऐकत होते. फोन संपल्यावर म्हणाले, "पोरगी बरोबर विचारते." हे त्यांचं या वर्षातलं पहिलं वाक्य असावं.

३१ मार्च, सोमवार

झालं! तेवीसशे अठरा नोंदी, शेरा सगळ्यांना. त्यातल्या ६३ जणांचं कानातलं वेगळं. चारही केंद्रं चालू. मिलिमीटर स्वतः आले, पेढीवर — म्हणजे बाबांच्या बाकावर — बसले, आणि म्हणाले, "पुन्हा मापं घ्यायची गरज नाही." मग इकडेतिकडे बघत हळूच: "माझी टाच एकाच बाजूनं झिजते. का हो?" बाबांनी त्यांना खोलीत चारदा चालायला लावलं. "पिशवी खांदा बदलून घ्या."

मिलिमीटर खूश होऊन गेले. पिशवी दुसऱ्या खांद्यावर.

३ एप्रिल

चार वाजले की बाबा फोनपाशी. चौथ्या केंद्रातल्या पोरीचं नाव पडलंय 'चौथी'. "चौथीचा आला का?" आई म्हणतात, मला दोनच मुलं, ही चौथी कुठून आली, आणि तिसरी कुठे ठेवलीत?

पण चारला आईच फोनजवळची खुर्ची पुसून ठेवतात.

६ एप्रिल, रविवार

काही लिहायला नाही. छान दिवस. नवऱ्यानं खिडकी पुसली — खरी, काचेची.

९ एप्रिल

बाबांनी चौथीला इकडे बोलावलं. सहा महिने राहा, सगळं शिकवतो, जागा आहे, सून आहे, काही कमी पडणार नाही.

ती म्हणाली, "काका, माझ्याकडे साठ जण थांबलेत. मी आले तर त्यांना पाय कोण देणार? इथे दुसरं कुणी नाही."

बाबा "बरं" म्हणाले. फोन ठेवला. चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. मग आईंकडे बघितलं. आईंनी बघितलं. दोघांत काय झालं, मला कळलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी सातच्या बसनं बाबा आणि आई चौथीच्या गावाला गेले. राहायला! वर्षभर म्हणतात, पण आईंनी कपाट रिकामं केलंय. कारखाना धाकट्या मिस्त्रींच्या हातात, आणि दाराची किल्ली माझ्या. नवरा स्टँडवर तीनदा म्हणाला, "बाबा, या वयात?" बाबा म्हणाले, "अरे, पाय फोनवर शिकवता येत नाही. हात धरावा लागतो."

बस वळेपर्यंत आई मागे बघून हात हलवत होत्या. बाबा नाही. ते पुढे बघत होते.